वागळेतून रबाळ्याला लेथ हलवायचाय, हायड्रा (क्रेन) गल्लीत येत नाही. काय करावं?

वागळे_ते_रबाळे (धागालेखक)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

बाबांचं छोटं वर्कशॉप ठाण्यात वागळे इस्टेटला आहे, भाड्याचा गाळा. मालकाला जागा पाडून नवीन बांधायचीये त्यामुळे दसऱ्याच्या आत रिकामा करून द्यायचाय. नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत तळमजल्यावर गाळा मिळालाय, ती चिंता मिटली. आता चिंता मशीनची. पंजाबातल्या बटाल्याचा सहा फुटी लेथ (जॉब गोल फिरवून कापतं ते मशीन) आहे, नावाची प्लेट कधीच गेलीये पण बाबा म्हणतात सव्वा टन धर, एक १८ इंची शेपर (सपाट कापायचं मशीन) साधारण टनभर, एक पिलर ड्रिल (खांबावरचं भोकं पाडायचं मशीन) आणि एक दहा टनी पॉवर प्रेस.

अडचण अशी की गाळ्यासमोरची गल्ली जेमतेम सात फूट, वर वायरींचं जाळं, हायड्रा फक्त मेन रोडपर्यंत येतो. म्हणजे गाळ्यातून रोडपर्यंत चाळीसेक फूट आपल्यालाच आणायचं. त्यात गाळा गल्लीपेक्षा सहा इंच उंच आणि मध्ये एक गटाराचं चेंबर. मशीन शिफ्टिंगवाल्या एकाला बोलावलं तर त्याने सांगितलेल्या पैशात दुसरा जुना लेथ येईल. बाबा (वय ७१) म्हणतात १९८७ ला पाइपवरून आत आणली होती तशीच बाहेर काढू, त्यात काय. मी महाप्याला आयटीत, आयुष्यात जास्तीत जास्त गॅस सिलिंडर उचललाय. दोन रात्री झोप नाही.

चहाबिस्कीट

दहा टनी प्रेस??? घरच्या घरी?? अहो दहा टन म्हणजे दोन हत्ती.

वागळे_ते_रबाळे

नाही हो, दहा टन म्हणजे ती मारते त्याचा जोर. वजन सहा-सातशे किलो असेल.

चहाबिस्कीट

हुश्श. मग चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कोपरीचा_कार्यकर्ता

आमच्या मंडळाची पोरं पाठवू का, आठ-दहा जण आहेत, बाप्पाची मूर्ती दरवर्षी कारखान्यातून मंडपात तेच आणतात. मूर्तीची ट्रॉली पण आहे चार चाकी. एकदा मोरया म्हटलं की हललंच पाहिजे.

पहारवाले_काका

कार्यकर्ते, भावना पोचली पण ते सोडून द्या. मूर्ती आत पोकळ असते आणि पडली तर वाईट वाटतं. लेथ पडला तर माणूस जातो. आणि दहा जण म्हणजे दहा जणांचे वीस पाय मशीनभोवती. या कामाला चार माणसं पुरतात, पाचवा लांब उभा राहून बघायला, आणि बोलणार फक्त एकच. "थांब" मात्र कोणीही ओरडू शकतो, आणि ते ऐकलं की सगळ्यांनी हात सोडून मागे. तुमची ती ट्रॉली तर मुळीच नको, उंच असते, चाकं बारीक, चेंबरच्या झाकणावर एक चाक गेलं की राम.

धागालेखक, बाबा बरोबर बोलतायत. पाइपवरूनच निघेल. मी चाळीस वर्षं हेच केलंय, आधी कंपनीत मेंटेनन्सला मग स्वतःचं. पण १९८७ ला बाबा तिशीत होते हे त्यांना सांगा (मला पण हल्ली कोणीतरी सांगावं लागतं).

पहिलं काम, मशीन हलकं करायचं. चक (जॉब पकडतो तो) काढा, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) काढा, मोटर पट्ट्यावर असेल तर ती पण उतरवा, टूल, कूलंटची टाकी, ट्रे सगळं बाजूला. यात शंभर-दीडशे किलो सहज जातात. लेथचं वजन हेडस्टॉकच्या (चक फिरवणारा डावीकडचा डबा) बाजूला असतं म्हणून सॅडल (टूल धरून सरकतो तो भाग) टेलस्टॉकच्या टोकाला नेऊन लॉक करा, थोडा समतोल येतो. बेडवर (लेथच्या लांब पाटावर) ऑइल फासून प्लॅस्टिक गुंडाळा, एक पावसाची सर आणि बेड तांबूस झालाच. हेडस्टॉकचं तेल काढायचं की नाही ते बाबांना माहीत असेल.

मग पहार. पाच फुटी पहार घ्या आणि टोकापासून तीन इंचावर टेकू द्या. तिकडे ५७ इंच, इकडे तीन, म्हणजे तुमचा जोर एकोणीस पट होतो. त्यात एका वेळी मशीनचं एकच टोक उचलायचंय, तेही अर्धा इंच. तेवढ्यात दुसऱ्याने लाकडी ठोकळा सरकवायचा, हाताने नाही, काठीने. मग दुसरं टोक. मग परत पहिलं. जॅक असेल तर उत्तमच, पण जॅकवर नुसतं उभं ठेवून आत काही करायचं नाही, जेवढं वर तेवढे ठोकळे लगेच खाली. जॅक सटकला तरी मशीन अर्ध्या इंचावर बसलं पाहिजे, याच्यापुढे बाकी सगळं गौण. ठोकळे सालाचे किंवा बाभळीचे. पॅकिंगच्या खोक्याची फळी वापराल तर मध्ये चिरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लेथ थेट पाइपवर ठेवायचा नाही. त्याचे दोन वेगळे पाय असतात, प्रत्येक पाय पाइपवर चढणार उतरणार आणि प्रत्येक वेळी हिसका. खाली लांबीच्या दिशेने दोन सी चॅनल (सी आकाराच्या लोखंडी पट्ट्या) घाला, चार इंची, फाउंडेशनच्या भोकातूनच बोल्ट मारा आणि दोन्ही चॅनल आडव्या पट्ट्यांनी जोडून घ्या. चॅनलमधलं अंतर लेथच्या पायापेक्षा रुंद ठेवा कारण लेथ पुढे-मागे अरुंद असतो, कलंडतो तो त्या बाजूला. चॅनलची पुढची टोकं थोडी वर वाकवा म्हणजे पाइप आपोआप खाली शिरतो.

पाइप सहा घ्या, दीड इंची, सी क्लास, म्हणजे सगळ्यात जाड. लाल पट्टा बघून घ्या. निळा पट्टा म्हणजे बी क्लास, तो खड्ड्यात दबतो. सगळे एकाच मापाचे. चार नेहमी मशीनखाली, दोन पुढे. एक गोष्ट नवख्यांना कळत नाही, मशीन दोन फूट गेलं की पाइप एकच फूट जातो, म्हणून मागचे सारखे सुटत राहतात आणि उचलून पुढे आणावे लागतात. पाइपच्या भोकात बोटं घालून उचलायचं नाही. वळायचं असेल तर पुढचे पाइप हातोड्याने टोचून तिरके करायचे, मशीन त्या बाजूला जातं. ढकलायचं खालून, कमरेच्या खालून. वरून हेडस्टॉक ढकलाल तर आडवं होईल.

उतारावरचं नंतर लिहितो, जेवायला बोलावतायत.

अनुजा_तुर्भे

वाखूसा (वाचनखूण साठवली). काका भारी लिहिताय.

मी तुर्भ्याला प्रेस शॉप चालवते, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मीच बघते, म्हणून प्रेसबद्दल लिहिते. दादा, तुमच्या चार मशीनमध्ये सगळ्यात हलकी प्रेसच वाटेल आणि सगळ्यात धोक्याची पण तीच. फ्लायव्हील (जड चाक) वर असतं, खाली पाय चिमुकले. उभी पाइपवर घातलीत तर एका खडीच्या दाण्यावर पाइप अडकला तरी तोंडावर येते. आधी फ्लायव्हील आणि मोटर काढा. मग पाठीवर झोपवा, जाड लाकडावर, हळूहळू, दोर लावून. झोपलेली प्रेस ढकलायला म्हणजे कपाट ढकलण्यासारखं. रॅम (वर-खाली होऊन मारतो तो भाग) आधी खाली आणून टेकवून ठेवा.

पिलर ड्रिल पण झोपवूनच. टेबल खाली आणा. हेड खाली घ्यायचं असेल तर क्लॅम्प सैल करायच्या आधी खालून टेकू द्या, नाहीतर हेड सटकन खाली येतं आणि खाली नेमका कोणाचा तरी हात असतो.

आणि अजून एक. झोपवताना कोणीतरी म्हणेलच की चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) आणू, वरच्या अँगलला अडकवू. नका करू. आमच्या शेजारच्या गाळ्यात केलं होतं. पत्र्याचं छप्पर पेलायला केलेली कैची ती, तिला टनभर लटकवलं तर अँगल वाकला, तीन पत्रे फुटले आणि मशीन सहा इंचावरून आपटलं. नशीब कोणी खाली नव्हतं. मालक अजून पत्र्याचेच पैसे मोजतोय.

अर्धवट_इंजिनिअर

थोडा हिशेब मांडतो, कोणी विचारला नसला तरी. लोखंड काँक्रीटवरून नुसतं ओढलं तर घर्षण वजनाच्या साधारण निम्मं, म्हणजे सव्वा टनाला सहाशे किलोचा जोर. तेच पाइपवर घातलं तर वजनाच्या चार-पाच टक्के, म्हणजे पन्नास-साठ किलो. एक माणूस ढकलू शकतो! मग चार माणसं कशाला?

पहारवाले_काका

थांबवायला.

अर्धवट_इंजिनिअर

😐 मान्य.

पहारवाले_काका

चेष्टा केली हो, हिशेब बरोबर आहे तुमचा. फक्त गुळगुळीत फरशीवरचा आहे. फुटलेल्या कोब्यावर आणि पहिला हिसका देताना दुप्पट-तिप्पट लागतो. म्हणून आधी झाडू मारायचा, खरंच, एक खडा पन्नास किलो वाढवतो. गल्लीत कोबा खराब असेल तर खाली पत्र्याची प्लेट टाका, दहा एमएमची, आणि चेंबरवर तर टाकाच. प्लेट चेंबरच्या कडेच्या बाहेर दोन्हीकडे फूटभर तरी टेकली पाहिजे. झाकण मजबूत दिसतंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही, चेंबरची झाकणं पण नवऱ्यामुलासारखी, वरून काही कळत नाही.

हां तर उतार. सहा इंच उंची आहे ना, तिला निदान सहा फुटांचा उतार करा, जमलं तर आठ. फळ्यांचा नाही, खाली भरीव ठोकळे आणि वर तीच प्लेट. सहा फुटाला सहा इंच म्हणजे बारात एक, मशीन आपलं आपण शंभर किलोच्या जोराने खाली पळायला बघणार. ढकलणं तिथे विषयच नाही, धरून ठेवायचंय. मागे दोर बांधायचा, चॅनलला, मशीनच्या लीडस्क्रूला (आट्यांच्या लांब दांड्याला) नाही (हसू नका, बांधलेला बघितलाय), आणि दोराचे गाळ्यातल्या आरसीसी खांबाला दोन-तीन वेढे द्यायचे. मोकळं टोक एका शहाण्या माणसाच्या हातात. तो सोडेल तेवढंच मशीन उतरणार. वेढ्यांमुळे त्याला फार जोर लागत नाही, पण मोबाईल खिशात ठेवायला सांगा. दोर काथ्याचा जाड घ्या, नायलॉन ताणतो आणि अचानक सुटतो. उतारावर मशीनच्या खालच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, पाइप सरळ करायला सुद्धा नाही. पाइप वाकडा झाला तर आधी पाचर मारून मशीन थांबवा, मग बघा.

साडेनऊ

माझं नाव का साडेनऊ आहे असं मागे एका धाग्यात कोणीतरी विचारलं होतं, आज सांगतो, विषय निघालाच आहे.

साल २००९, स्वतःच्याच गाळ्यात मिलिंग मशीन फक्त चार फूट सरकवायचं होतं. चार फूट. रविवार, दोघंच जण, मी आणि माझा हेल्पर. त्याने पहारीने उचललं, मी ठोकळा घातला, ठोकळा जरा तिरका बसला. काठी बाजूलाच पडलेली पण वाकून घ्यायचा कंटाळा, हाताने सरळ करायला गेलो. पहार तेलकट होती, त्याची नाही चूक. डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापासून. आवाज पण झाला नाही. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले तुकडा आणलाय का, तो मशीनखालीच होता, आणि मशीन उचलायला परत दोन माणसं कुठून आणणार रविवारी.

काकांनी ठळक अक्षरात लिहिलंय ना काठीने म्हणून, ते परत वाचा.

चहाबिस्कीट

पॉपकॉर्न ठेवले बाजूला.

गिरणीचा_नातू

अवांतर: विजापूरची मुलुखमैदान तोफ, ५५ टन, ती परांड्याच्या किल्ल्यावरून नेली म्हणतात, शेकडो बैल आणि हत्ती लावून. आणि केरळात बेपूरचे खलाशी, दोर-कप्पी-लाकडी रहाट यावर लाकडी जहाजं पाण्यात ढकलतात. १९८८ ला पेरुमणला रेल्वेचे डबे अष्टमुडी तलावात पडले होते तेव्हा ते काढायला पण यांनाच बोलावलं होतं. सांगायचं काय तर क्रेन नसताना पण जग चाललं होतं.

पहारवाले_काका

खलाशांबद्दल आदर आहे. पण मेन रोडपासून पुढे हायड्राच. टेम्पोचा हौदा तीन फुटांवर, तिथे फळ्या लावून चढवायचा हट्ट करू नका. तासाभराच्या कामाला कमीत कमी काही तासांचं भाडं लावतील, द्या. जिथे यंत्र पोचतं तिथे माणसाने जोर दाखवायचा नाही.

हायड्रावाल्याचा पट्टा बेडखालून घ्या, कडांना गोणपाट किंवा लाकूड लावा. हूक उंच ठेवायला सांगा. पट्टे पसरट झाले, जमिनीशी तीस अंशाचा कोन झाला, तर एकेका पट्ट्यावर अख्ख्या मशीनएवढा ताण येतो. दोन पट्टे म्हणून निम्मं निम्मं होतं असं नसतं.

टेम्पोत दोन फेऱ्या करा, सगळं एकात कोंबू नका. हेडस्टॉक केबिनकडे. चारी बाजूंनी ठोकळे आणि वरून बेल्ट. कळवा-विटाव्याकडून जाणार असाल तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखालची उंची आणि पाणी दोन्ही बघून घ्या, मी मुलुंड-ऐरोली पुलावरून जाईन.

अनुजा_तुर्भे

रबाळ्याला पोचल्यावर वायरमनने जोडणी केली की चक लावायच्या आधी मोटर कुठल्या दिशेला फिरते ते बघा. थ्री फेजमध्ये दोन वायरी उलटसुलट लागल्या की मोटर उलटी फिरते. जुन्या लेथचा चक आट्यांवर बसतो, उलटा फिरला तर सुटून बाहेर येऊ शकतो.

वागळे_ते_रबाळे

सगळ्यांचे खूप आभार. सगळं प्रिंट काढून बाबांना दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, हे काका कोण, माणूस कामाचा दिसतो. चॅनलला वेल्डिंग करायला दिलंय. रविवारी करतोय, गल्ली रिकामी असते.

(दहा दिवसांनी)

वागळे_ते_रबाळे

अपडेट! उशीर झाला, पाठ धरली होती.

रविवारी सकाळी सातला सुरू केलं. मी, चुलतभाऊ, बाबांचा जुना ऑपरेटर, त्याचा मेहुणा. बाबांना खुर्ची दिली दारात आणि सांगितलं बोलणार फक्त तुम्ही. ते इतके खूश की दुपारपर्यंत कोणाला पाणी प्यायला पण परवानगीशिवाय जाऊ दिलं नाही.

पहिले दोन तास नुसतं उचलण्यात गेले. फाउंडेशनचे बोल्ट सदतीस वर्षं गंजलेले, एक कापायलाच लागला. पण एकदा पाइपवर आला आणि मी एका हाताने ढकलला आणि तो हलला ना, सव्वा टन, ते फीलिंग नाही सांगता येत. लगेच बाबा ओरडले, हिरोगिरी नको. उतारावर खांबाला तीन वेढे, दोर ऑपरेटरच्या हातात, इंच इंच करत उतरला. चेंबरवरून जाताना प्लेट कुरकुरली, सगळ्यांचे श्वास बंद, पण गेला. साडेअकराला लेथ रोडवर. नंतर प्रेस आणि ड्रिल झोपवून, ताईंनी सांगितलं तसंच, ते काहीच नाही वाटलं.

माती खाल्ली शेपरला. पाइप पाचच लाल पट्ट्याचे मिळाले होते, सहावा मी गॅरेजमधला निळा पट्टा घातला, म्हटलं एकाने काय होतंय. बरोब्बर उताराच्या मध्यावर तो चपटा झाला, शेपर तिरका होऊन अडकला. मेहुणा खालच्या बाजूने पाइप ओढायला वाकला आणि बाबा, चुलतभाऊ आणि मी तिघं एकदम ओरडलो "थांब". त्याला काही कळलंच नाही, पण थांबला. मग दोन्ही बाजूंनी पाचरी, जॅक, ठोकळे, जॅक, ठोकळे, चाळीस मिनिटं गेली. तो चपटा पाइप मी बाबांसमोर लपवायला बघत होतो पण त्यांनी पट्ट्याचा रंग आधीच बघितला होता. काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

रबाळ्याला वायरमनने खरंच उलटं जोडलं होतं. चक काढलेला होता त्यामुळे काही नाही झालं. अनुजाताई, तुम्हाला एक वडापाव लागू.

खंडेनवमीला नव्या गाळ्यात पूजा झाली. लेव्हल लावून बाबांनी टेस्ट कट घेतला, १५० एमएममध्ये चार शतांश एमएम टेपर येतोय, म्हणजे जॉबचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जाड. त्यांचं तोंड पडलंय.

पहारवाले_काका

छान झालं. टेपरची काळजी नको, बेडला पीळ आलाय. टेलस्टॉकच्या बाजूच्या एका पायाखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घालून बघा, लेव्हल बेडच्या आडवी ठेवून, दोन्ही टोकांना बुडबुडा सारखाच बसला पाहिजे. आणि फाउंडेशनचे बोल्ट आत्ताच आवळू नका, आठ-दहा दिवस मशीनला बसू द्या, मग परत लेव्हल.

निळ्या पट्ट्याबद्दल काही बोलत नाही. बाबा बोलले नाहीत म्हणजे झालं.

वागळे_ते_रबाळे

शिम घातली, एक शतांशवर आलं. बाबा हसले.

साडेनऊ

मेहुण्याला माझा नमस्कार सांगा. दहा बोटांचा.

कोलशेतकर

उशिरा आलो धाग्यावर. ते पाइप अजून आहेत का? मला पुढच्या महिन्यात सर्फेस ग्राइंडर हलवायचाय.

वागळे_ते_रबाळे

आहेत. पाच. सहावा आता बाबांनी गाळ्याच्या दारात खिळ्याला टांगून ठेवलाय, तो देत नाहीत.